सागरसफरीचा हिशेब

इंदूरहून एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. ते लिहितात, "पुढील वर्षी आमच्या विवाहाला ४० वर्षे पूर्ण होतील. आम्हा उभयतांचा जन्म नर्मदाकाठचा. समुद्र पाहिला तो मुंबईच्या चौपाटीवरून. एकदा मोठ्या जहाजातून प्रवास करावा अशी घरातून फार दिवसांची इच्छा आहे. जाहिराती तर रोज नव्या दिसतात. कोणी सांगते, आजच तिकिटे घ्या, निम्म्या दरात मिळतील. कोणी सांगते, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबा, याहूनही स्वस्त पडेल. खरे काय मानावे? यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम एकच आहे आणि ती पुन्हा जमणारी नाही."

या पत्रातील अखेरच्या वाक्यामुळेच यावेळचे हे सदर त्या विषयाला देत आहे. ज्यांना दरवर्षी सफर करता येते त्यांची एखादी चूक पुढच्या वर्षी भरून निघते. परंतु आयुष्यात एकदाच जाणाऱ्याने पैसे कसे खर्च करावेत, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर देण्याचा मला थोडासा अधिकार आहे. कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

माझ्या आईचे बालपण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेले. त्या काळी मुंबईला जायचे तर बोटीने. बोट भर समुद्रात उभी राही, पडावातून उतारू तिच्यापर्यंत जात, आणि रात्रभर डेकवर वळकटी पसरून सकाळी भाऊच्या धक्क्याला उतरत. बोटी बंद झाल्या, आई दिल्लीला आमच्याकडे आली, आणि समुद्र तिच्या बोलण्यापुरताच उरला. तिला पुन्हा एकदा बोटीत बसवावे, या हेतूने काही वर्षांपूर्वी मी सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला जाऊन परत येणाऱ्या एका पर्यटन-जहाजाची तिकिटे काढली. दर पाहून मला धन्यता वाटली होती. विमानाच्या तिकिटाहूनही जहाजाचे तिकीट स्वस्त!

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी, जहाजाचा दर कसा ठरतो हे पाहणे इष्ट होईल.

जहाजावरील खोली हा संध्याकाळच्या बाजारातील भाजीसारखा माल आहे. मेथीची जुडी दुसऱ्या दिवशी निदान निम्म्या किमतीला तरी जाते. जहाज बंदरातून सुटल्यावर रिकाम्या खोलीची किंमत शून्य होते. म्हणून कंपनीचा प्रयत्न असा असतो की, कोणत्याही दराने का होईना, जहाज भरून निघावे. प्रवासी एकदा आत आला की पेये, खास भोजनगृहे, इंटरनेट, छायाचित्रे आणि बंदरांवरील सहली यांतून उत्पन्न होतच राहते. तिकीट स्वस्त असू शकते ते यामुळेच. त्यात कोणी फसवणूक करतो असे नव्हे. परंतु तिकिटाची किंमत ही सफरीची किंमत नव्हे, हे मात्र पक्के ध्यानात ठेवले पाहिजे.

सर्वसाधारणपणे तिकिटात खोली, मुख्य भोजनगृहातील जेवण आणि जहाजावरील नाटक-गाण्यांचे कार्यक्रम एवढे येते. बंदराची शुल्के आणि सरकारी कर बहुधा वेगळे असतात. पुष्कळ कंपन्या सेवकवर्गाची बक्षिसी दर माणशी दर दिवशी या हिशेबाने अखेरच्या बिलात लावतात. मद्य, बाटलीबंद पेये आणि इंटरनेट यांचे पैसे निराळे. जहाजावरील डॉक्टरांची फी निराळी आणि बंदरांवरील सहलीही निराळ्या.

यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत. रीत खरी आहे. समजा, तीन रात्रींच्या सफरीची एक जाहिरात दर माणशी १८,००० रुपयांची आहे आणि दुसरी २५,००० रुपयांची. दोघांसाठी पहिली ३६,००० आणि दुसरी ५०,००० रुपये. म्हणजे पहिली १४,००० रुपयांनी स्वस्त. आता पहिलीत कर व बंदरशुल्काचे ९,००० रुपये मिळवा, बक्षिसीचे ३,०००, दोन बंदरांवरील सहलींचे ८,०००, इंदूरहून मुंबईला येण्याजाण्याचे आणि आदल्या रात्रीच्या मुक्कामाचे ८,०००, किरकोळ ३,०००. एकूण ६७,००० रुपये झाले. दुसरीत कर, बक्षिसी आणि एका बंदरावरील सहल तिकिटातच धरली असेल, तर तिच्यात दुसऱ्या बंदराच्या सहलीचे ४,०००, प्रवास-मुक्कामाचे ८,००० आणि किरकोळ ३,००० एवढेच मिळवायचे. बेरीज ६५,००० येते. जी महाग म्हणून आपण पानही उलटले नसते, तीच दोन हजारांनी स्वस्त निघाली.

म्हणून पहिला नियम असा: एकूण बेरीज करावी, तिला रात्रींच्या आणि माणसांच्या संख्येने भागावे, आणि तो आकडा दुसऱ्या सफरीच्या तशाच आकड्याशी ताडून पाहावा. तिकिटाशी तिकीट ताडू नये.

या बाबतीत कायदाही आता ग्राहकाच्या बाजूने उभा राहू लागला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०२४ पासून अनिवार्य शुल्के वगळून किंमत जाहीर करण्यास बंदी आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित करून १३ फसव्या विक्रीपद्धतींना मनाई केली. प्रथम कमी किंमत दाखवून पैसे भरताना ती थेंबाथेंबाने वाढविणे, "आता फक्त दोनच खोल्या उरल्या" अशी खोटी घाई लावणे आणि न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात घालणे, या तिन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. असा अनुभव आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तथापि तक्रार करण्याची वेळच येऊ नये, हे अधिक बरे.

दुसरा प्रश्न खोलीचा. जाहिरातीतील दर जवळजवळ नेहमी एका खोलीत दोघे राहणार असे धरून दिलेला असतो. एकट्या प्रवाशाला पुष्कळदा दुसऱ्या माणसाचेही भाडे भरावे लागते. याउलट त्याच खोलीत तिसरे वा चौथे माणूस आल्यास त्याचे भाडे बरेच कमी असते. विधवा वा विधुर वाचकांनी बहीण, मैत्रीण वा मित्र जोडीला घेतल्यास वाचणारी रक्कम कोणत्याही सवलतीपेक्षा मोठी असते. नातवंडांना बरोबर नेणाऱ्यांनी दोन खोल्यांऐवजी चार बिछान्यांच्या एका खोलीची चौकशी आधी करावी.

खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त. मग खिडकीची, त्यानंतर सज्जाची, आणि सर्वांत वर प्रशस्त दालने. दिवस बहुतेक वरच्या डेकवर जाणार असेल तर आतल्या खोलीत काहीच कमी पडत नाही. मात्र ज्यांना बंद जागेत जीव गुदमरल्यासारखा होतो त्यांनी येथे काटकसर करू नये. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्यभागची खोली मागावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात आणि तिचा दरही वरच्या मजल्यांपेक्षा बहुधा कमी असतो. काही कंपन्या प्रकार ठरवून देतात, परंतु खोलीचा क्रमांक मागाहून स्वतः ठरवितात. त्याबद्दल दर उतरतो. तरुणांना ते चालेल. गुडघेदुखी असलेल्यांनी उद्वाहकाजवळची खोली आधीच नक्की करून घ्यावी.

तिसरा प्रश्न वेळेचा. येथे आमच्या इंदूरच्या वाचकांना दोन्ही सल्ले देणारे आपापल्या परीने खरेच बोलत आहेत. युरोप-अमेरिकेतील कंपन्या जानेवारी ते मार्च या काळात पुढील हंगामाच्या तिकिटांवर सवलती देतात; त्यावेळी खोल्यांची निवडही भरपूर असते. आणि सुटण्याच्या तारखेआधी काही आठवडे रिकाम्या खोल्यांचे दर उतरतात, हेही खोटे नव्हे. परंतु या दुसऱ्या वाटेने लाभ कोणाचा होतो? जो बंदराच्या गावीच राहतो, ज्याला रजा मागावी लागत नाही, ज्याला प्रवेशपत्र काढावे लागत नाही आणि ज्याला खोली कोणतीही चालते, त्याचा. फ्लॉरिडातील पेन्शनर दुपारी तिकीट घेऊन दुसऱ्या दिवशी जहाजावर चढू शकतो. इंदूरच्या वा दिल्लीच्या माणसाला विमानाचे भाडे आणि व्हिसा या दोन गोष्टी आड येतात. जहाजावर वाचलेले पैसे ऐनवेळच्या विमानात जातात. व्हिसा वेळेवर न मिळाला तर सर्वच जाते. तेव्हा परदेशी बंदरातून जाणार असाल तर सहा ते दहा महिने आधी ठरवावे. ऐनवेळच्या सवलतीची वाट पाहणे मुंबईकरांनी मुंबईहून सुटणाऱ्या जहाजासाठी फार तर करावे.

लवकर तिकीट काढणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना आहे. पुष्कळ कंपन्या आरंभी थोडी अनामत घेतात आणि उरलेली रक्कम सुटण्याच्या दोन-तीन महिने आधी भरावयास सांगतात. मधल्या काळात त्याच खोलीचा दर उतरला तर काही कंपन्या विनंती केल्यास नवा दर लावतात. त्या आपण होऊन कळवीत नाहीत. आपणच पाहावे लागते. तिकीट काढतानाच एजंटला हा प्रश्न विचारावा, आणि रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत मिळतील हेही लेखी घ्यावे.

महिन्याची निवडही महत्त्वाची आहे. मुंबईचा हंगाम साधारणतः पावसाळा संपल्यावर सुरू होतो. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्र खवळलेला असतो. दिवाळी, नाताळ आणि शाळांच्या सुट्ट्या सोडून गेल्यास दर पुष्कळ कमी असतात. निवृत्त माणसांनी हा आपला हक्काचा लाभ जरूर घ्यावा. अलास्काच्या सफरी मे आणि सप्टेंबरमध्ये, भूमध्य समुद्रातील सफरी एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास उतरत्या दराने मिळतात. कॅरिबियन समुद्रात शरद ऋतूत दर फार खाली येतात; पण तेथील चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, हे त्यामागचे कारण आहे. अशावेळी कंपनी मार्ग बदलू शकते आणि ठरलेले बंदर न दिसल्याबद्दल तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

परदेशी सफरीत व्हिसाचा एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जहाज ज्या बंदरातून निघते तेथेच परत येणार असेल, तर आपण त्या देशात दुसऱ्यांदा प्रवेश करीत असतो. सिंगापूरहून निघून सिंगापूरला परत येताना, अथवा ग्रीसहून निघून तुर्कस्तानचे बंदर करून पुन्हा ग्रीसला येताना, एकाच प्रवेशाचा व्हिसा अपुरा पडू शकतो. वाटेतील प्रत्येक देशाचे नियम तिकिटापूर्वी पाहावेत. भारतात बसून परदेशी सहलीचे पैसे भरताना उद्गमस्थानी जो कर कापून घेतात, तो विवरणपत्र भरताना आपल्या कराच्या देण्यात वळता करून घेता येतो. त्याची पावती जपून ठेवावी. परदेशात चालणारा वैद्यकीय विमा मात्र काटकसरीच्या यादीत कधीही धरू नये.

आता माझ्या चुकीकडे येते. वर सांगितलेली बेरीज मी केली नव्हती. सिंगापूरला पोचेपर्यंतच हाताशी ठेवलेली रक्कम निम्मी झाली होती. जहाजावर चढल्यावर सहलींचे दरपत्रक हाती आले आणि माझा चेहरा उतरला. आईने तो पाहिला. ती काही बोलली नाही. पेनांगला जहाज लागले त्या सकाळी ती म्हणाली, "तू जाऊन ये हो. माझे पाय दुखतायत. मी इथूनच बघते." मला तिला सोडून जाववले नाही. आम्ही दोघींनी पेनांग कठड्याशी उभे राहून पाहिले. फुकेतला जहाज दूर नांगरले, आणि लहान बोटी उतारूंना किनाऱ्याकडे नेऊ लागल्या, तेव्हा तिचे डोळे एकदम उजळले. "अगो, हे तर आपले पडाव!" ती म्हणाली. त्या पडावातही आम्ही बसलो नाही. मला वाटले, सहल विकत घेतल्याशिवाय उतरता येत नसेल.

परत आल्यावर मला कळले की, पेनांगला जहाज ज्या धक्क्याला लागते तेथून जॉर्जटाउनची जुनी वस्ती चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. २००८ पासून जागतिक वारसास्थान असलेल्या त्या गल्ल्यांतून हिंडायला एक पैसाही लागत नाही. फुकेतच्या लहान बोटीतही सहल न घेतलेल्या उतारूंना जागा असते. म्हणजे आमचे खरे नुकसान पैशाचे झालेच नाही. एक प्रश्न न विचारल्याने झाले.

तो प्रश्न वाचकांनी प्रत्येक बंदराविषयी घरीच विचारून ठेवावा: जहाज गावात लागते की गावाबाहेर? गावात लागत असेल तर पायी वा स्थानिक वाहनाने फिरावे आणि सहलीचे पैसे वाचवावेत. गाव दूर असेल तर तो खर्च आधीच बेरजेत धरावा. रोमसाठी जहाज चिव्हिताव्हेकियाला लागते, ते रोमपासून ७० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. बँकॉकसाठी लाएम चाबांगला, ते त्याहूनही दूर. अशा ठिकाणी कंपनीची सहल महाग असली तरी तिचा एक लाभ आहे: सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते वा कंपनी सोय करते. आपण आपले गेलो आणि उशीर झाला तर जहाज निघून जाते.

शेवटी, ज्यांना थाटमाट नको, समुद्रच हवा आहे, त्यांच्यासाठी आपल्याच देशातील एक वाट सुचविते. कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाची प्रवासी जहाजे सुटतात. 'समुद्रम' या नावाने प्रशासनाने चालविलेली पाच दिवसांची सहल 'एम. व्ही. कवरत्ती' या जहाजातून कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटे दाखविते. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर अशी तिची रीत आहे. बेटांवर जाण्यासाठी प्रवेश-परवाना लागतो, म्हणून चौकशी बरीच आधी करावी आणि चालू हंगामाचे वेळापत्रक व दर प्रशासनाकडूनच घ्यावेत. या जहाजांवर जलतरण-तलाव व नाट्यगृहांची अपेक्षा धरू नये.

आईला मी हा लेख लिहिण्यापूर्वी विचारले, तुमच्या वेळी बोटीचा हिशेब कसा करीत? ती म्हणाली, तिचे वडील निघण्याच्या आदल्या रात्री धोतराच्या फडक्यात तीन पुरचुंड्या बांधीत. एक तिकिटाची, एक हमालाची आणि एक मुंबईत उतरल्यावर लागणाऱ्या खर्चाची. तिन्ही बांधून होईपर्यंत घरात कोणी वळकटी बांधायला घेत नसे. तिसरी पुरचुंडी अपुरी पडली तर जाणे पुढच्या बोटीवर टाकीत.

इंदूरच्या गुरुजींना माझे सांगणे एवढेच आहे. आपल्या रकमेच्या आधी तीन पुरचुंड्या बांधाव्यात आणि मगच जाहिराती पाहाव्यात. तिकिटाच्या पुरचुंडीत अर्ध्याहून फारसे अधिक घालू नये. पुरचुंडीत बसेल अशीच सफर निवडावी, मग ती दोन रात्रींनी लहान असली तरी चालेल. आणि बंदर आले की दोघांनीही उतरावे.

आम्हीही घरी पुरचुंड्या बांधावयास घेतल्या आहेत. यावेळी कोचीचा विचार आहे. आईने तिसरी पुरचुंडी स्वतःकडे ठेवली आहे.